बस, मेट्रो, ट्राम, बोट : रोजच्या उभ्या प्रवाशाच्या नजरेतून

सार्वजनिक वाहनांची परीक्षणं बहुतेक वेळा गाडीचीच होतात. सीट मऊ आहे का, एसी चालतो का, मोबाइल चार्ज करायला जागा आहे का. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला यातलं फार थोडं कामाला येतं, कारण त्याचा त्रास गाडीत शिरण्याआधीच, थांब्यावर सुरू झालेला असतो. म्हणून इथे प्रत्येक वाहनाला पहिला प्रश्न एकच : वेळापत्रक न बघता येऊन उभं राहिलं तर किती वेळ जातो, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो का? वेग, सीट, गारवा हे सगळं त्यानंतर.

हा प्रश्न पहिला का, ते एका साध्या हिशेबात कळतं. पाटीवर लिहिलंय : दर १० मिनिटांनी बस. गाड्या खरंच तशा आल्या तर केव्हाही येणाऱ्याला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच गाड्या जोडीने यायला लागल्या असं धरा. एक १८ मिनिटांनी, तिच्या पाठोपाठ दुसरी २ मिनिटांनी. तासाला बस तेवढ्याच, सहा. एकही फेरी रद्द नाही. पण दर २० मिनिटांतली १८ मिनिटं मोठ्या खंडात गेल्यामुळे दहातले नऊ जण नेमके त्या खंडात थांब्यावर येतात. सरासरी थांबणं ५ वरून ८.२ मिनिटांवर जातं, आणि नशीब फिरलेलं असेल तर पूर्ण १८ मिनिटं. प्रवासी म्हणतो बस येतच नाही, सेवा चालवणारा म्हणतो सगळ्या फेऱ्या सुटल्या. दोघंही खरं बोलत असतात.

साधारण १०-१२ मिनिटांपर्यंतच्या अंतराला लोक वेळ न बघता घरातून निघतात. त्याच्यावर गेलं की ठरलेलं मिनिट महत्त्वाचं होतं. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभरच्या रेल्वेचं वेळापत्रक असं बांधलं की गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटावी : ७.१२, ८.१२, ९.१२. तासाला एकच गाडी असूनही ती वापरता येते, कारण ती पाठ होते. ७.०५, ७.५०, ९.१० अशा गाड्या संख्येने जास्त असल्या तरी रोजच्या माणसाला त्यांचा उपयोग कमी.

बस

बस सगळ्यात जास्त ठिकाणी पोचते आणि सगळ्यात जास्त बिघडते. जोडीने बस येण्यामागे ड्रायव्हरांच्या गप्पा कारणीभूत असतात असा समज आहे. तो बहुतेक वेळा खोटा. पुढची बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, तिच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या बसला मात्र उरलेलीच चार माणसं मिळतात, म्हणून ती भराभर पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला चिकटते. बाहेरून कोणी आवरलं नाही तर हे आपोआप वाढतच जातं. कधीकधी बस एखाद्या थांब्यावर दार उघडं ठेवून दोन-तीन मिनिटं नुसती उभी राहते आणि आतले लोक चरफडतात. अंतर पुन्हा सारखं करायचा हाच उपाय आहे. आत बसलेल्यांची तीन मिनिटं जातात, पुढच्या वीस थांब्यांवरच्या लोकांची वाचतात.

दोन बस लागोपाठ आल्या तर दुसरी घ्यावी. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, दुसरी अर्धी रिकामी असते, आणि पोचतात दोन्ही जवळपास एकाच वेळी. फक्त चढताना पाटी पुन्हा वाचा. अंतर सावरायला मागची गाडी मधूनच परत फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते, आणि तेव्हा नंबर तोच राहून शेवटच्या थांब्याचं नाव बदललेलं असतं.

चढायला लागणारा वेळ हा बसचा खरा वेग ठरवतो. कार्ड लावून चढायला माणशी २ ते ३ सेकंद लागतात, सुट्टे मोजून देत चढायला ४-५. तीस माणसं असली तर एका थांब्यावर मिनिटभराचा फरक पडतो, आणि तेवढ्यात सिग्नल जातो. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका चालवल्या, पण गाडी पळू लागली ती १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे आल्यावर : पैसे थांब्यात शिरतानाच भरायचे, थांब्याचा ओटा बसच्या तळाच्या उंचीचा, आणि सगळी दारं एकदम उघडायची. नुसती मार्गिका आखून दारात तिकिटाची रांग तशीच ठेवली तर बस रिकाम्या रस्त्यावरून धावते आणि वाचवलेली मिनिटं थांब्यावर घालवते.

बसायचं कुठे? नेहमीची १२ मीटरची बस असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग तरफेसारखा वागतो. गतिरोधकावर चाक एक वीत उचललं गेलं तर शेवटची रांग त्याहून जास्त उडते. कंबर दुखणाऱ्यांनी आणि मळमळ होणाऱ्यांनी तिकडे जाऊच नये. इंजिन मागे असलेल्या डिझेल बसमध्ये तिथे पायाशी गरम हवाही लागते. चाकाच्या फुगवट्यावरची सीट रिकामी दिसते ती उगाच नाही, गुडघे छातीशी येतात. मळमळीचा त्रास असेल तर तोंड पुढे असलेली सीट घ्या, मोबाइल खिशात ठेवा आणि दूरवर बघा. काचेला डोकं टेकवलं तर थरथर थेट कवटीत जाते.

१८ मीटरच्या जोडबसमध्ये मधला अकॉर्डियनसारखा भाग हा मुलांचा आवडता. तिथला तळ फिरत्या चकतीचा असतो. चकती आणि स्थिर तळ यांच्या फटीवर पाय किंवा सामान ठेवू नये, वळणावर दोन्ही भाग एकमेकांवर सरकतात. या बसचं शेपूटही वळणावर बऱ्यापैकी झोकांड्या खातं, तेव्हा उभं राहायचं असेल तर पुढच्या भागात राहा. डबलडेकरचा वरचा मजला बघायला सुंदर, पण उंचावर झोका जास्त जाणवतो, आणि खरा धोका जिन्यात असतो. गाडी चालू असताना उतरायचंच असेल तर एक हात दांड्याला पक्का असल्याशिवाय पायरी सोडू नका.

उभं राहण्याचं एक तंत्र आहे आणि ते फार कमी लोक पाळतात. बसचे हिसके मुख्यतः पुढे-मागे येतात. त्यामुळे तोंड सरळ पुढे करून पाय जुळवून उभा राहिलेला माणूस ब्रेकला पहिला कोलमडतो. गाडीच्या दिशेला तिरकं उभं राहा, पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, हात छातीच्या उंचीवर उभ्या दांड्याला. वरच्या लोंबत्या कड्या दिसायला सोयीच्या, पण त्या स्वतःच झुलतात आणि बुटक्या माणसाला टाचा उचलायला लावतात. बसमध्ये पडण्याचे प्रसंग बहुधा गाडी सुटताना आणि थांबताना, जागेकडे किंवा दाराकडे चालत असताना येतात. पुढचा दांडा हातात आल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पाठीवरची सॅक पुढे घ्या. ती पाठीवर ठेवली तर एका माणसाची जागा खाते आणि वळताना कोणाच्या तरी नाकावर बसते.

उतरायची घंटी आधीचा थांबा सुटला की लगेच द्यायची. शेवटच्या क्षणी दिली तर ड्रायव्हरला करकचून ब्रेक लावावा लागतो आणि उभे असलेले सगळे एकमेकांवर पडतात. आणखी एक बारीक गोष्ट : बऱ्याच नव्या गाड्यांत ड्रायव्हर मागचं दार उघडत नाही, ते उघडण्याची फक्त परवानगी देतो. दारावरचा दिवा हिरवा झाला की बटण आपण दाबायचं असतं. 'दार उघडा' म्हणून ओरडणारा माणूस बहुधा बटणाच्या शेजारीच उभा असतो.

खालच्या तळाच्या बस म्हाताऱ्या माणसांना आणि बाबागाडीला वरदान आहेत. त्यांचा तळ रस्त्यापासून ३०-३५ सेंटीमीटरवर असतो, जुन्या उंच गाड्यांचा ९०च्या आसपास. शिवाय हवेच्या स्प्रिंगमधली हवा सोडून गाडी दाराच्या बाजूला आणखी ६-८ सेंटीमीटर झुकवता येते. हे सगळं व्यर्थ जातं ते बस पदपथाला चिकटून न लावल्याने. मधे हातभर खड्डा राहिला की खालचा तळ असून नसल्यासारखा. यात दोष नेहमी ड्रायव्हरचा नसतो; थांब्याच्या तोंडाशी एक गाडी उभी केलेली असली की १२ मीटरची बस कडेला सरळ लागूच शकत नाही.

मेट्रो

भरवशाच्या परीक्षेत मेट्रो पहिली येते, कारण तिच्या वाटेत दुसरं कोणी येत नाही. मॉस्कोत गर्दीच्या वेळी दर ९० सेकंदांना गाडी सुटते. त्याहून खाली जाणं फार कठीण, कारण एका गाडीने फलाट पूर्ण सोडल्याशिवाय दुसरी आत घेता येत नाही आणि चढ-उतारालाच ३०-४० सेकंद लागतात. म्हणूनच मेट्रोत दाराला पाय लावून धरणारा माणूस सगळ्या मार्गाला भारी पडतो. दर २ मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला ३०. सर्वात गर्दीच्या स्टेशनात प्रत्येक गाडीमागे १० सेकंद गेली की तासाला जेमतेम २७ उरतात. तीन गाड्यांतली माणसं फलाटावर साचतात, आणि साचलेली माणसं पुढच्या गाडीचा वेळ आणखी खातात. बसच्या जोडीचाच हा रोग, फक्त जमिनीखालचा.

मेट्रोचा खोटेपणा दुसरीकडे असतो. स्टेशन ते स्टेशन २ मिनिटं हे खरं, पण रस्त्यापासून फलाटापर्यंतचं अंतर कोणी सांगत नाही. कीव्हचं आर्सेनाल्ना स्टेशन १०५.५ मीटर खोल आहे, तिथे दोन सरकत्या जिन्यांवर मिळून पाच मिनिटांच्या आसपास जातात. इतकं खोल नसलं तरी सामान्य भुयारी स्टेशनात उतरायला तीन-चार आणि पलीकडे वर यायला तीन-चार मिनिटं धरा. दोनेक किलोमीटरच्या प्रवासात मेट्रोचा सगळा वेग जिन्यातच खर्च होतो. तेवढ्यासाठी बस बरी, आणि पाऊस नसेल तर पायही. गाडी बदलायची असेल तर नकाशावरच्या एका ठिपक्यावर विसंबू नका. दोन रेषा एका ठिपक्यात भेटलेल्या दिसतात, आणि खाली त्यांच्यात पाचशे मीटरचं भुयार निघू शकतं.

रोजचा प्रवासी मेट्रोत वेळ वाचवतो तो फलाटावर उभं राहण्याच्या जागेने. उतरायच्या स्टेशनात जिना कोणत्या डब्यासमोर येतो ते एकदा बघून ठेवायचं आणि चढतानाच त्या डब्यासमोर थांबायचं. वाट बघण्याचा वेळ चालण्यात वापरला जातो, आणि पलीकडे जिन्याच्या तोंडाशी तुंबलेल्या गर्दीच्या आधी आपण बाहेर. गर्दी नको असेल तर नियम उलटा : जिन्यापासून लांबचा डबा. बहुतेक लोक खाली उतरले की पहिल्या दिसेल त्या दारात घुसतात, म्हणून टोकाच्या डब्यांत श्वास घ्यायला जागा असते.

गाडी येतेय हे पाटीआधी अंगाला कळतं. अरुंद भुयारात गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते, आणि दिवे दिसायच्या आधी चेहऱ्यावर वारा येतो. फलाटाला काचेची पूर्ण उंचीची दारं असलेल्या स्टेशनात हे होत नाही. फलाटाला पूर्ण उंचीची दारं पहिल्यांदा लेनिनग्राडच्या मेट्रोत १९६१ मध्ये आली, आणि सिंगापूरने १९८७ मध्ये भुयारी स्टेशनांना काचेची दारं लावली, तिथे गारवा राखणं हेही एक मोठं कारण होतं. प्रवाशासाठी त्यांचा खरा फायदा म्हणजे फलाटाच्या काठाची भीती जाते आणि रुळांवर मोबाइल पडत नाही. दारं नसलेल्या ठिकाणी काही पडलंच तर स्वतः उतरायचं नाही, ही सूचना नुसती शिस्तीची नाही. अनेक मेट्रोंत रुळाशेजारी तिसरा रूळ असतो आणि त्यात ७५० व्होल्टच्या आसपास वीज असते. स्टेशनातल्या माणसांकडे वस्तू उचलायचा लांब चिमटा असतो, त्यांना सांगा.

वळणावरच्या फलाटाशी फट का राहते, हे विचारलं जातं. डबा सरळ असतो, फलाट वाकडा. बाहेरून फुगलेल्या कडेला डब्याचं पोट जवळ येतं आणि टोकं लांब राहतात, आत वळलेल्या कडेला नेमकं उलटं होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेतली फटीपासून जपा अशी घोषणा त्याच कारणाने आली. तेव्हा आपल्या स्टेशनात कोणत्या दाराशी फट मोठी असते ते ध्यानात ठेवलं तर लहान मूल किंवा चाकाची बॅग बरोबर असताना दुसरं दार निवडता येतं.

दाराबद्दल आणखी एक. रबरी कडांमधला सेन्सर हात, बॅग, छत्री ओळखतो. ओढणीचं टोक, सॅकचा पट्टा, हेडफोनची वायर ओळखेलच असं नाही. पातळ वस्तूवर दार पूर्ण मिटल्यासारखं वाटतं आणि गाडी सुटते. घंटी वाजायला लागल्यावर आत उडी मारू नये याचं खरं कारण हे आहे.

आत कोणाला चक्कर आली तर आपत्कालीन दांडा भुयारात ओढू नका. पुढचं स्टेशन एक-दोन मिनिटांवर असतं आणि मदत तिथेच येऊ शकते. अनेक नव्या गाड्या तर दांडा ओढला तरी पुढच्या फलाटापर्यंत जाऊनच थांबतात. आधी बोलायचं बटण दाबा, डब्याचा नंबर सांगा. तो दाराच्या वर किंवा डब्याच्या टोकाला लिहिलेला असतो.

उपनगरी रेल्वे आणि ट्राम

उपनगरी रेल्वे लांबच्या प्रवासाला मेट्रोपेक्षा सरस. स्टेशनं लांब लांब, सीट जास्त, दर किलोमीटरमागे वेळ कमी. पण तिच्या चुका महाग पडतात, कारण पुढची गाडी अर्ध्या तासानेही असू शकते. जलद गाडी आपल्या स्टेशनात थांबत नाही हे ती सुटल्यावर कळणं ही नवख्याची ठरलेली चूक. दुसरी जरा लपलेली : काही मार्गांवर गाडी वाटेत दुभंगते, पुढचे चार डबे एकीकडे, मागचे चार भलतीकडे. फलाटावरची पाटी पुरेशी नसते, डब्याच्या आतली किंवा दारावरची पाटी वाचावी लागते. तिसरी, कमी डब्यांची गाडी लांब फलाटाच्या मधोमध थांबते आणि टोकाला उभे असलेले धावत सुटतात. फलाटावर किती डब्यांची गाडी कुठे थांबते त्याच्या खुणा असतात, एकदा शोधून ठेवा.

उन्हाळ्यात गाड्या हळू का धावतात? पोलाद तापलं की लांबतं. जोडून अखंड केलेल्या रुळांना लांबायला जागा नसते, म्हणून ताण वाढून ते बाजूला वाकायची भीती असते, आणि त्यासाठी वेग कमी करतात. तापमान चढेल त्या दुपारी परतीच्या प्रवासाला दहा-पंधरा मिनिटं जास्त धरावीत.

ट्राम ही बसपेक्षा मऊ चालते, रूळ असल्यामुळे कडेला अगदी चिकटून अचूक लागते आणि डब्यात माणसंही जास्त मावतात. मात्र ती कुठून धावते यावर सगळं आहे. स्वतःच्या राखीव पट्ट्यातली ट्राम भरवशात मेट्रोच्या जवळ जाते. मोटारींच्या गर्दीतली ट्राम म्हणजे खुंटीला बांधलेली बस. रुळावर चाक ठेवून कोणी गाडी उभी करून गेला तर बस वळसा घालून जाते, ट्राम तिथेच उभी, आणि तिच्यामागे आणखी चार. मेलबर्नमध्ये जगातलं सर्वात मोठं ट्रामचं जाळं आहे, आणि तिथेही बराच भाग रस्त्यावरच्या रहदारीतून जातो. नवी ट्राम सुरू झाल्याचं कौतुक वाचताना तिच्यातला किती भाग राखीव आहे तेवढं शोधा.

पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरतं, म्हणून ओल्या रुळावर पकड यावी यासाठी ट्राम चाकासमोर वाळू सोडते. अगदीच प्रसंग आला तर रुळाला चिकटणारा विद्युतचुंबकाचा ब्रेक लागतो. तो लागला की हिसका असा येतो की बसचा ब्रेक त्यापुढे पोरखेळ. एरवी गाडी इतकी सरळ चालते की लोक दांडा सोडून मोबाइलवर दोन्ही हातांनी टाइप करतात, आणि नेमके तेच पडतात. थांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर उतरताना आधी ज्या बाजूने मोटारी येतात तिकडे बघा. मोटारवाल्यांनी ट्रामच्या दाराशी थांबावं असा नियम असला तरी त्यावर पाय टाकू नये.

पाण्यावरून आणि तारेवरून

बोटीला वाट बघण्याच्या परीक्षेत फारसे गुण मिळत नाहीत, पण प्रवासाच्या सुखात तिला तोड नाही. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी सुमारे २५ मिनिटांची आहे आणि १९९७ पासून फुकट आहे. तेवढ्या वेळात चहा-कॉफी पिऊन कामाची एखादी फाइल वाचून होते, जे बसमध्ये शक्य नाही. हाँगकाँगच्या जुन्या स्टार फेरीत बाकांच्या पाठी पलटवता येतात, कारण बोट वळत नाही, ती दोन्ही टोकांनी चालते. आपण फक्त पाठ ढकलून तोंड प्रवासाच्या दिशेला करायचं.

मळमळ होत असेल तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसा. पुढचं टोक सर्वात जास्त वर-खाली होतं. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कठड्याशी उभं राहिलं तर तुषार अंगावर येतात, कपडे कामाचे असतील तर दुसरी बाजू. चढता-उतरताना धक्क्यापासून बोटीपर्यंतचा पूल भरतीला जवळपास सपाट आणि ओहोटीला चांगलाच उतरता असतो. व्हीलचेअर किंवा सायकल असेल तर वेळापत्रकाबरोबर भरती-ओहोटीही बघावी लागते. आणि दोर बांधून होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, बोट धक्क्याला टेकते तो शेवटचा आपटा सगळ्यात मोठा. दाट धुकं आणि जोराचा वारा या दोन गोष्टींनी बोट रद्द होते, म्हणून शेवटच्या बोटीवर घरी जाण्याची सवय धोक्याची.

रोपवे म्हटलं की डोंगरावरची सहल आठवते, पण बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये २०१४ पासून तो रोजच्या कामाचा झालाय. दहा माणसांची पेटी, दर १२ सेकंदांना एक. वाट बघण्याच्या परीक्षेत यापुढे कोणीच टिकत नाही. एक गेली तरी हळहळ वाटत नाही. पेटी स्टेशनात बहुधा पूर्ण थांबत नाही, अगदी सावकाश सरकते. ती सरकते त्या दिशेने चालत चालत आत पाऊल टाकायचं, आडवं नाही. तोटा असा की सगळ्या पेट्या एकाच दोरावर. वादळ, वीज, किंवा दुरुस्ती असली तर एक गाडी बंद पडत नाही, अख्खा मार्ग बंद पडतो. वर अडकल्यावर वारा पेटी झुलवतो, तेव्हा सगळ्यांनी बसून राहणं हाच उपाय.

भरली की सुटणारी गाडी

शेअरची जीप, व्हॅन, रिक्षा. हिला वेळापत्रक नाही, आणि म्हणूनच हिची परीक्षा वेगळी. पहिला बसणारा सर्वात जास्त वेळ थांबतो, शेवटचा अजिबात नाही. अड्ड्यावर गेल्यावर रांगेतली पुढची गाडी न बघता आत किती डोकी आहेत ते बघा. दोनच जागा उरलेली गाडी ही तुमची गाडी. बसल्यावर ड्रायव्हर 'सुटतेच आहे' म्हणतो, त्याचा अर्थ अजून तीन माणसं हवीत. वाटेतल्या प्रवाशाला मात्र ही सेवा जवळजवळ निरुपयोगी, कारण गाडी अड्ड्यावरच भरून निघते. गर्दीच्या वेळी वाटेत उभं राहण्यापेक्षा दहा मिनिटं उलटं चालून अड्ड्यावर जाणं जास्त लवकर पोचवतं. पैसे किती ते बसण्याआधी विचारायचं, आणि ड्रायव्हरला न विचारता शेजारच्या रोजच्या प्रवाशाला विचारायचं.

तिकीट, पास आणि ॲप

कार्ड यंत्रासमोरून झाडू मारल्यासारखं फिरवू नका. सपाट धरा, आवाज येईपर्यंत थांबा. पाकिटात दोन-तीन कार्डं एकत्र असली तर यंत्र गोंधळतं किंवा भलत्याच कार्डातून पैसे कापतं, म्हणून प्रवासाचं कार्ड वेगळ्या कप्प्यात. जिथे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावायचं असतं तिथे दोन्ही वेळा तीच वस्तू हवी. चढताना मोबाइल आणि उतरताना त्याच खात्याचं प्लास्टिक कार्ड लावलं तर यंत्राच्या लेखी दोन वेगळे माणसं, दोघांचाही प्रवास अर्धवट, आणि दोन्हीकडे सर्वात मोठं भाडं. याउलट जिथे फाटकच नाही, तिथे कागदी तिकीट विकत घेऊन भागत नाही. डब्यातल्या किंवा फलाटावरच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट तपासनिसाच्या दृष्टीने तिकीट नव्हे.

मासिक पास आंधळेपणाने काढू नये. महिन्याला २२ दिवस काम म्हणजे जाऊन-येऊन ४४ प्रवास. पासची किंमत ३८ सुट्या तिकिटांएवढी असेल तर फायदा सहा प्रवासांचा, म्हणजे तीन दिवसांचा. एक सण, एक आजारपण, एक दिवस घरून काम, की हिशेब बरोबरीत. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांना पास बहुतेक वेळा तोट्यातच पडतो. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरची सार्वजनिक वाहतूक फुकट केली, रेल्वेतला पहिला वर्ग सोडून. त्याने दाराशी पैसे घेण्याचा वेळ वाचतो हे खरं, पण गाडी दर किती मिनिटांनी येते त्यात भाडं माफ केल्याने काही फरक पडत नाही.

ॲपमध्ये '४ मिनिटांत' असं दिसतं तेव्हा ते दोन प्रकारे आलेलं असू शकतं. एक, गाडीवरच्या जीपीएसवरून. दोन, नुसत्या वेळापत्रकावरून. ओळखायची युक्ती सोपी आहे. आकडा बरोबर दर मिनिटाला एकाने उतरत असेल, ४, ३, २, १, तर ते वेळापत्रक आहे. खरी बस इतकी शहाण्यासारखी वागत नाही. आकडा ४ वर अडला, ५ झाला, मग एकदम २ वर आला, तर त्यामागे खरी गाडी आहे. वेळापत्रकवाला आकडा १ वर येऊन नाहीसा होतो आणि रस्त्यावर काहीच नसतं.

शेवटी हरवलेल्या वस्तूंबद्दल, कारण सगळ्यात जास्त हताश विचारणा याच होतात. छत्री ३४ नंबरच्या बसमध्ये राहिली, एवढ्यावर ती सापडत नाही, कारण ३४ नंबरच्या त्या वेळी दहा-बारा गाड्या रस्त्यावर असतात. हवा असतो तो गाडीचा स्वतःचा नंबर. बसमध्ये तो ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा दाराच्या आतल्या बाजूला, मेट्रोत आणि ट्राममध्ये डब्याच्या टोकाच्या भिंतीवर असतो. तो नसेल तर चढण्याचा थांबा, मिनिटापर्यंतची वेळ आणि गाडीची दिशा सांगा. कार्डाने प्रवास केला असेल तर चढण्याची नोंद त्या कार्डाच्या हिशेबात मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावरून गाडीही शोधता येते. आणि विचारणा त्याच दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा करा. रात्री डेपोत गाडी झाडताना सापडलेल्या वस्तू कार्यालयात जमा होऊन वहीत चढेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो.